बारा शब्द आणि आक्काचा उखाणा

माझ्या घरातलं एकही पत्र जगातल्या कोणत्याही कंपनीला वाचता येत नाही. मध्यंतरी ते मलाही वाचता येत नव्हतं.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. एका संध्याकाळी मी बायकोला एवढंच म्हणालो, की डावा गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. मी कालव्याचं पाणी मोजणारा माणूस! नांदेडच्या पाटबंधारे कचेरीत पातळ्यांची नोंद करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. दिवसभरात एकोणीस जाहिराती आल्या. त्यातल्या सतरा गुडघ्याच्या आणि दोन वधूवर मंडळाच्या. (त्या दोन पाहून बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याची नोंद मी केलेली नाही.)

"आपलं सगळं कुणीतरी ऐकतंय," मी जाहीर केलं.

"बरंय की," बायको म्हणाली. "मी वीस वर्षं सांगून राहिले, तर घरात कुणी ऐकत न्हाई."

मी मात्र हलकं घेतलं नाही. अकरा रविवार खर्ची घातले आणि मेल, फोटो, निरोप, नकाशे, सगळं मोठ्या कंपन्यांकडून काढून अशा ठिकाणी नेलं, जिथे प्रत्येक अक्षर कुलूपबंद होतं. सदतीस जणांच्या आमच्या भावकीच्या ग्रुपला नव्या ॲपचं आमंत्रण पाठवलं. चौघे आले. त्यातला एक मी, आणि दुसराही मीच, जुन्या फोनवरून.

नव्या मेलवाल्यांचं म्हणणं मला फार आवडलं होतं: "तुमची पत्रं आम्हालासुद्धा दिसत नाहीत. पासवर्ड विसरलात तर आम्ही काहीही करू शकत नाही. मग मेल फक्त या बारा शब्दांनी, याच क्रमाने उघडेल. ते जपून ठेवा." बारा इंग्रजी शब्द, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही! ते एकाच जागी ठेवणं मला धोक्याचं वाटलं. म्हणून मी चार-चार शब्दांच्या, क्रमांक घातलेल्या तीन चिठ्ठ्या केल्या. एक बायकोला, एक शेजारच्या रहीमभाई टेलरना आणि एक लातूरच्या माझ्या थोरल्या बहिणीला, शोभाआक्काला दिली. स्वतःकडे एकही ठेवली नाही. (मला धमकावून कुणी काढून घेतली असती तर?)

तिघांना समोर बसवून नियम सांगितले. एक, आपले शब्द कुणालाही सांगायचे नाहीत. दोन, फोनवर तर मुळीच नाही, अगदी माझ्या आवाजात मागितले तरी नाही, कारण हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल होते. तीन, मी घाबरून, घाईघाईने मागितले तर समजायचं की तो नक्की भामटा आहे.

तिघांनीही माना डोलावल्या. मला अतिशय सुरक्षित वाटलं.

यानंतर सहा महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, माझी मुलगी केतकी धावत आली. लातूरच्या एका दवाखान्यात तंत्रज्ञाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. दोन वर्षं ती अशाच जागेची वाट पाहत होती.

"बाबा, मैत्रिणीला काल मुलाखतीचं पत्र आलंय! त्यातल्या लिंकवरून आज पाचच्या आत हजेरी कळवायची, न्हाई तर नाव कटतंय. माझं पत्र तुमच्या त्या कुलूपवाल्या मेलवर असंल ना?"

असणारच! अर्जावर तोच पत्ता मी आग्रहाने लिहायला लावला होता. मी ऐटीत पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. दर एक तारखेला सत्तावीस अक्षरांचा नवा पासवर्ड करायचा आणि तो कुठेही लिहायचा नाही, हा नियम माझाच. या महिन्याचा पासवर्ड मला पहिल्या चार अक्षरांपर्यंत नीट आठवत होता.

केतकीने दवाखान्यात फोन लावला. "मेलमधल्या लिंकवरूनच कळवा," असं उत्तर मिळालं. तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. "तुझी चिठ्ठी!"

"घाबरून मागून राहिलात," बायको शांतपणे म्हणाली. "म्हणजे भामटे."

"अगं, मी समोर उभा आहे!"

"मग म्हणा, चूक माझी. तीनदा. तुम्हाला आकडे आवडतेत ना."

मी तीनदा म्हणालो. तिने टीव्हीच्या माहितीपुस्तकातून चिठ्ठी काढली. "ते पुस्तक जगात तुमच्याशिवाय कुणी वाचत न्हाई, अन् तुमचं वाचून झालेलं हाय," असा तिचा हिशोब.

रहीमभाई दुकानात काज करत बसले होते. "चिठ्ठी? वो तो तुमच्याच कोटाच्या कॉलरमधी शिवून टाकली. बाही नीट करायला टाकला नव्हता का?"

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्हीच बोलले, किसीको बताना नहीं. तुम्ही किसीमधी येत न्हाई का?"

म्हणजे त्यानंतरच्या चार लग्नांत मी मेलची एक तृतीयांश किल्ली मानेला लावून पंगतीत बसलो होतो! रहीमभाईंनी कॉलर उसवली. आठ शब्द झाले. उरले चार. मी आक्काला फोन लावला.

"कोण बोलून राहिलंय?"

"आक्का, मी सुरेश. ते चार शब्द..."

"सुरेश असा धापा टाकत न्हाई बोलत. ठेव फोन, भामट्या!"

व्हिडिओ कॉल केला. आक्काने डोळे बारीक करून मला न्याहाळलं. "चेहराबी खोटा करतेत म्हणं. सुऱ्यानंच सांगितलंय मला. माझा सुऱ्या इतका म्हातारा न्हाई." आणि फोन कट!

दहाच्या बसने मी आणि केतकी लातूरला निघालो. बसमध्ये केतकीने चारदा वेळ विचारली. मी पाच वेळा सांगितली. दोनला आक्काच्या दारात पोचलो. आक्काने मला आपादमस्तक पाहिलं, दंडाला चिमटा काढला आणि समाधानाने म्हणाली, "हाव, खराच हाय. चला, आधी जेवा."

"आक्का, शब्द!"

"जेवल्याबिगर एक अक्षर न्हाई. पोरगी सकाळपासून उपाशी हाय."

पावणेतीनला हात धुतले. "चिठ्ठी?" मी विचारलं.

"चुलीत घातली तवाच. कागदाचा काय भरोसा! मी पाठ केलंय." आक्काने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली:

"टर्टल चाले हळूहळू, लॅडर चढे खार,
लेमनचं सरबत पिऊन आंट झाली गार,
माधवरावांचं नाव घेते, सुखी माझा संसार!"

मी खुर्चीत बसलो. "हा उखाणा तू कुणापुढे म्हटलास का?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. चाळीसेक बाया होत्या. लई हसल्या! दोनदा म्हणायला लावला." मग माझा चेहरा पाहून ती दुखावली. "पण फोनवर कुणाला सांगितला का मी? तुलाबी न्हाई सांगितला!"

आधीचे आठ टाकून मी हे चार टाकायला घेतले. टर्टल, लॅडर, लेमन, आंट. चूक! उखाणा जुळवण्यासाठी आक्काने शब्दांचा क्रम बदलला होता. पण मी डगमगलो नाही. चार शब्दांचे क्रम चोवीस. वहीत तक्ता आखला. आधी टर्टलपासून सुरू होणारे सहा, मग लॅडरचे. दहाव्या चुकीनंतर पडद्यावर आलं: "एका तासाने प्रयत्न करा." घड्याळात साडेतीन.

"अजून चौदा क्रम उरले," मी म्हणालो. "साडेचारला दहा टाकता येतील. त्यातही नाही जमलं, तर पुढचे चार साडेपाचनंतर."

"पाचला बंद होतंय, बाबा," केतकी म्हणाली. ती डोळे पुसत होती.

आक्का तिच्याजवळ जाऊन बसली. "रडू नको. आत्यानं शब्द नीट जपलेत. चिठ्ठी उघडली, तवा वरच आंट दिसलं. म्हटलं, बघा, सुऱ्यानं पहिला मान मलाच दिला."

मी वहीतून डोकं वर काढलं. "वरच? म्हणजे पहिला शब्द आंट?"

"मग! आत्याच ना मी?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? आल्यापासून तक्ताच आखून राहिलास!"

आंटने सुरू होणारे क्रम सहाच. माझ्या शास्त्रशुद्ध तक्त्यात ते मी अगदी शेवटी ठेवले होते. तो एक तास आम्ही तिघांनी फोनकडे बघत काढला. साडेचारला मी टाकू लागलो, तर केतकीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. पहिला चूक. दुसरा चूक. तिसरा चूक. चौथ्याला मेल उघडला! दोनशे बारा न वाचलेली पत्रं, आणि वरून तिसरं मुलाखतीचं. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी केतकीने हजेरी कळवली आणि आत्याच्या गळ्यात पडली. मी वहीत वेळ लिहिली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं, आणि अक्षरं जरा पुसट दिसत होती.

तिला ती जागा मिळाली. आता ती आत्याकडेच राहते. मोठ्या कंपन्यांकडे मात्र आम्ही परत गेलो नाही, कारण ही व्यवस्था पक्की आहे, हे मी स्वतः तपासलेलं आहे! बारा शब्द नवे केले, ते केतकीने केले. चिठ्ठ्या पुन्हा त्याच तिघांकडे आहेत. नियमही तेच, फक्त एक वाढलाय: शब्द कुठे आहेत हे मला सांगायचं नाही. मी थोडा विरोध केला, पण बायकोने नोंदी समोर ठेवल्या. सहा महिन्यांत आमच्या माहितीवर एकूण एकच हल्ला झाला होता, आणि तो करणारा भामटा दुपारी आक्काकडे जेवून गेला होता.