दुसऱ्या साक्षीदाराची वाट

इन्साफ मानवी हक्कांच्या त्या संघटनेत टाइपिस्ट म्हणून लागली, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्याआधी कैरोच्या एका कोर्टात तिने सोळा वर्षं टाइपरायटर बडवलेला. संघटनेच्या तीन खोल्या पाचव्या मजल्यावर होत्या. लिफ्ट कायमची बंद होती, आणि खालच्या कॉफीखान्यात साध्या कपड्यांतले दोन पोलीस दिवसभर एकच पेपर वाचत बसलेले असायचे.

तुरुंगातून सुटून आलेली माणसं वकील वगीह यांच्यासमोर बसून आपली जबानी टेपवर देत. इन्साफ कानाला हेडफोन लावून ती कागदावर उतरवी. तिथे एक नियम फार कडक होता. कोणी आत मेला असं कळलं, तर एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार मिळेपर्यंत घरच्यांना सांगायचं नाही. एकदा एकाच माणसाच्या शब्दावर एका घराला कळवलं गेलं होतं. त्या मुलाच्या आईने अंथरूण धरलं, ती गेली, आणि चार महिन्यांनी मुलगा चालत घरी आला. तेव्हापासूनचा हा नियम.

दर मंगळवारी शहराच्या इम्बाबा वस्तीतून उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई, यायची. तिचा सालिम वायरमन होता. चार वर्षांपूर्वी त्याला घरातून उचलून नेलं, आणि असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच, असं सरकारी उत्तर आलं. पाच जिने चढून ती धापा टाकत खुर्चीत बसायची, आणि इन्साफ तिला चिडवायची, की मावशी, या जिन्यांवर तुम्ही एखाद दिवस आमच्या नावाने जीव सोडाल. म्हातारी उलट तिच्या चहाला नावं ठेवायची.

मार्चमध्ये एक शाळामास्तर सुटून आला. त्याच्या टेपवर सालिम होता. इम्बाबाचा वायरमन, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. सात दिवस ताप होता. मास्तराने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवटच्या दिवशी तो एकच गोष्ट मागत राहिला, "कोणीतरी खिडकी उघडा." त्या कोठडीला खिडकी नव्हती.

इन्साफने ते टाइप केलं, वगीहांकडे दिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला आणि कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं. एकच साक्षीदार होता.

त्या दिवसापासून ती हाक इन्साफच्या मागे लागली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना अगदी कानाशी यायची. खमसीनचा धुळीचा वारा सुटलेला, सारं शहर खिडक्या लावून बसलेलं, आणि ही आपली घरातल्या खिडक्या सताड उघडत फिरायची.

"अगं, मसुरीच्या आमटीत वाळू लागतेय दाताखाली," तिचा नवरा फिक्री म्हणाला. "झालंय तरी काय तुला?"

"गुदमरतंय," एवढंच ती म्हणाली.

मंगळवार मात्र चुकत नव्हते. उम्म सालिम जिन्यात दिसली की इन्साफ धावत जाऊन तिची पिशवी घ्यायची, न विचारता चहात साखर ढवळून द्यायची. चिडवणं कधी बंद पडलं, तिचं तिलाही कळलं नाही. ईदला म्हातारीने भरलेल्या बिस्किटांचा डबा आणला. सालिमचा वाटा घरी वेगळा काढून ठेवलाय, असं सांगितलं. इन्साफने आपलं बिस्किट रुमालात बांधून ठेवलं.

नोव्हेंबरात तांता शहरातला एक भटारी सुटून आला. तो मास्तराला ओळखत नव्हता. त्यानेही तेच सांगितलं, अंगठ्यावरच्या डागासकट.

पुढच्या मंगळवारी वगीहांनी उम्म सालिमला आतल्या खोलीत बसवलं आणि घसा खाकरला. ते बोलायच्या आतच ती इन्साफकडे वळली.

"तू सांग, पोरी. तुला खमसीन सुटला तेव्हापासून माहीत आहे."

इन्साफने हातातले कागद टेबलावर ठेवले. मग ती म्हणाली, "मग विचारलं का नाहीत, मावशी?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मला अजून थोडे मंगळवार हवे होते."

तिला सगळं वाचून हवं होतं. इन्साफने वाचलं. खिडकीच्या ओळीपाशी ती थबकली, तशी म्हातारीने तिच्या मनगटावर हात ठेवला. तिने तेही वाचलं.

"लहानपणापासून गच्चीवर झोपायचा," उम्म सालिम म्हणाली. "बंद खोली त्याला सोसायचीच नाही."

संघटनेने तक्रार दाखल केली. उत्तर पुन्हा तेच आलं, की असा माणूस नव्हताच. प्रेत मिळालं नाही. इम्बाबात तीन दिवस बायका काळे कपडे घालून बसल्या, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली. चौथ्या आठवड्यात, मंगळवारीच, उम्म सालिम पुन्हा जिने चढून आली.

"त्याचं मरण तुम्ही दोघांना विचारून लिहिलंत," ती म्हणाली. "तो जगला कसा, ते माझ्याकडून लिहून घ्या."

वगीह म्हणाले, की कोर्टात याचा उपयोग नाही. इन्साफ तोवर मशीनमध्ये कागद घालत होती. सालिम उशिरा चालायला लागला. बदकांना भ्यायचा. पहिल्या कमाईतून त्याने आईला पंखा आणला आणि स्वतःच जोडताना अंगठा भाजून घेतला. दोन मंगळवार हे चाललं. तेविसाव्या वर्षाशी, पोलिसांनी दार वाजवलं त्या सकाळपाशी येऊन म्हातारी थांबली.

"पुढचं तुमच्याकडे आहेच," ती म्हणाली, आणि सही येत नव्हती म्हणून तिने अंगठ्याला शाई लावून घेतली.