लिलीच्या बदल्यात चष्मा

विभा खांबेटे यांच्या घरी लिली फार झाल्या, तिथून हे सगळं सुरू झालं.

मूळच्या मिरजेच्या विभाताई नवऱ्याच्या विमा कंपनीतल्या बदल्यांबरोबर फिरत जयपूरला आल्या, आणि नंदकिशोरराव निवृत्त झाल्यावर दोघं प्रताप नगरातच राहिले. अंगणात विभाताईंनी डे-लिलीचे तीन गड्डे लावले. या लिलीचं फूल एकच दिवस टिकतं, पण गड्डा फोफावतच जातो. पाच-सहा वर्षांत अंगण भरलं, गच्ची भरली. एका सकाळी आंघोळीच्या बादलीत गड्डे भिजत पडलेले पाहून नंदकिशोरराव कडाडले, "आता या घरात एक तर लिली राहतील, नाहीतर मी!"

"काय ते लवकर ठरवा," विभाताई म्हणाल्या. "बादली अजून दोन दिवस लागणार आहे."

त्याच सुमारास कॉलनीच्या पार्कात एका सेवा मिशनची गाडी येऊ लागली होती. आसपासच्या खेड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायचं तिचं काम. गाडीचे ड्रायव्हर दशरथजी एकदा विभाताईंना म्हणाले, डोळे तपासून होतात, पण चष्मे कमी पडतात. जुने मिळाले तरी चालतील. मिशनमध्ये त्यांचे नंबर तपासून ज्याला जो जुळेल तो देतात.

दुसऱ्याच दिवशी फाटकावर हिंदीत कागद लागला: 'दो पुराने चश्मे लाइए, एक लिली ले जाइए।'

जुना चष्मा कुणी टाकत नाही आणि वापरतही नाही. कॉलनीतले कप्पे रिकामे होऊ लागले. कुणी सासऱ्यांचा आणला, कुणी लग्नाआधीचा. एप्रिलमध्ये शेजारची मिताली धावत आली. "आंटीजी, मेरा फूल तो शाम को ही मर गया!"

"कल दूसरा आएगा, बेटा."

"और परसों?"

"परसों तीसरा. तू बस पानी डाल."

गेल्या ऑक्टोबरात गड्डे फोडायचं काम निघालं. विभाताईंनी नवऱ्याच्या हातात खुरपं दिलं. घामाने चष्मा नाकावरून घसरायला लागला, तेव्हा नंदकिशोररावांनी तो काढून हाताशी असलेल्या टोपलीत ठेवला. ती टोपली जुन्या चष्म्यांची होती. दुपारी विभाताईंनी सगळे चष्मे धुतले, पुसले आणि दशरथजींच्या हवाली केले.

संध्याकाळी घरभर शोधाशोध झाली. जयपुरातच वाढलेली लेक तनया हसून हसून खाली बसली. "आई, मतलब तू बाबांचाच चष्मा डोनेट केला?"

"मी नाही. त्यांनी स्वतः टोपलीत घातला," विभाताई म्हणाल्या. "आपण होऊन दिला."

दशरथजी गाडी घेऊन खेड्यांच्या फेरीवर गेले होते; त्यांना फोन लागला तोवर आठवडा उलटला होता. सोनेरी काड्यांचा तो चष्मा एका खेड्यातल्या धापूकाकींना अगदी बरोबर लागला होता. नंदकिशोरराव हट्टाने गाडीत बसून तिकडे गेले. धापूकाकी ओट्यावर बसून मूग निवडत होत्या, आणि नाकावर चष्मा होता. हा तुमचा का, असं त्यांनीच विचारलं. मग आपल्या बोलीत म्हणाल्या, "बाबूजी, तुम्ही तर शिकलेले. तुम्हाला चष्म्याशिवायही सगळं कळत असेल. मला हे खडे सात वर्षांनी दिसताहेत." एवढं बोलून त्यांनी सुईत दोरा ओवून दाखवला, पहिल्याच खेपेला.

नंदकिशोरराव परतले ते मूठभर मूग घेऊन. "काय हो, चष्मा?" विभाताईंनी विचारलं.

"तिला जास्त शोभतो," ते म्हणाले आणि टोपलीत हात घालून बसले. वाचता येईल असा एकच निघाला, जांभळा, दोन्ही टोकांना वर वळलेला, बायकी. नवा तयार होईपर्यंत आठ दिवस त्यांनी तो घालून पेपर वाचला, तोही फाटकात खुर्ची टाकून. त्या आठ दिवसांत चष्मे दुपटीने जमले.

विभाताईंनी धापूकाकींना एक गड्डा पाठवला. महिन्याभराने निरोप आला की बकरीने पार मुळापर्यंत खाल्ला. विभाताई हळहळल्या. नंदकिशोररावांना मात्र राहवेना. आता ते दर रविवारी गाडीबरोबर जाऊन चष्म्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. त्यांनी धापूकाकींकडे जाऊन माती उकरून पाहिली. आत मुळं शाबूत होती. दोघांनी मिळून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण रचलं, बकरीच्या मानेपेक्षा हातभर उंच.

या एप्रिलात दशरथजींचा फोटो आला. काट्यांच्या मधोमध केशरी फूल, बाजूला सोनेरी चष्म्यातल्या धापूकाकी, आणि कुंपणावर पुढचे पाय ठेवून उभी असलेली बकरी.

"आजच उमललंय," विभाताई फोटो मोठा करत म्हणाल्या. "अहो, त्यांना फोन करा. संध्याकाळी कोमेजलं तर घाबरू नका म्हणावं, अजून सहा कळ्या आहेत."