साळूबाईच्या चिकाचं गाणं

पडेगावची साळूबाई पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी सून होऊन आली, तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. कुरडयांचा चीक चुलीवर किती वेळ ढवळायचा, हे कळावं म्हणून तिनं सात कडव्यांचं गाणं जुळवलं. गाणं संपलं की हंडी खाली. पहिली तीन कडवी गणपती, खंडोबा आणि मारुतीची. उरलेली चार सासूची, भागूबाईची.

पुढं रेडिओवाल्यांनी गाणं ध्वनिमुद्रित केलं. साळूबाईनं देवाचीच तीन कडवी म्हटली. भागूबाई वारून चार वर्षं झालेली, मेलेल्या माणसाची चेष्टा गावभर कशाला? घरीही ती चार कडवी ती मनातच म्हणायची. रेडिओवर लागलं आणि बायका ते गाणं हळदीत, बारशात, सगळीकडं म्हणू लागल्या. लोकांना वाटलं, देवाचंच गाणं.

लेकीच्या रुखवताचा चीक हाटायला घेतला, तेव्हा साळूबाई देवपूजेत होती. आळीतल्या पोरींनी रेडिओचं गाणं म्हटलं आणि हंडी उतरवली. पहिलीच कुरडई सोऱ्यातून पडली ती खाटेवर पसरली.

"अगं, कच्चा हाय चीक!" साळूबाई धावत आली. तीन दिवस भिजवलेला गहू, लग्न आठ दिवसांवर. त्यात बस्त्याला गुलमंडीच्या बाजारात आलेली विहीण, द्वारकाबाई, वाटेत थांबून ओसरीवर चहा पीत बसलेली.

"गाणं तर पुरं म्हटलं की, आत्याबाई," सून सरूबाई म्हणाली.

"पुरं कुठलं! चढव हंडी."

साळूबाईनं चाटू हातात घेतला, देवाला मनात हात जोडले आणि विहिणीकडं पाठ करून सुरू केलं:

सासू माझी भागूबाई, तुपाला घालती कुलूप
मांजर म्हणे मला बाई, कधी दिसंल ते तूप

द्वारकाबाईचा चहा बशीत सांडला. "व्हय विहीणबाई, तुमची लेक आमच्याकडं येऊन हेच गाणार का?"

"चीक शिजायचा असंल तर गाईल," साळूबाई ढवळता ढवळता म्हणाली.

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसली. चारी कडवी झाली. पण हंडी मधेच उतरवलेली, चीक काचेगत दिसेना.

"आता काय म्हणायचं?" पोरींनी विचारलं. तेव्हा सरूबाईनं खाकरून सूर लावला:

सासू माझी साळूबाई, गाण्यावर शिजवी चीक
सुनंला म्हणे हसू नको, आधी ढवळायला शीक

"लई शहाणी झालीस," साळूबाई म्हणाली, आणि वाफेत डोकावली. चीक लखलखीत झाला होता.

"उतर हंडी," ती म्हणाली. "आणि ध्यानात ठेव, आता कडवी आठ."