चाखणे म्हणजे खाणे नव्हे

उखळातली शेंगदाण्याची चटणी चिमटीत घ्यायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि क्षणभराने म्हणायचे, "अजून बोलंना. कुटा." दाण्याला तेल सुटून तिखट, मीठ, लसूण एकजीव झाल्याखेरीज आमच्या चाखणाऱ्या बाईच्या लेखी चटणी मुकी असे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानातून आपण कधी चटणी नेली असेल, तर आपली जीभ या बाईला ओळखते. चेहरा मात्र आपण पाहिला नसेल. तो मी पडद्यामागे ठेवला होता.

तिचे गाल आणि नाक भाजल्यासारखे लाल असत. लालीवर बारीक पुटकुळ्या. कुटणाऱ्या बायका विचारीत, "काय गं, सकाळीच टाकून आलीस व्हय?"

"व्हय की. तुज्याच नवऱ्यानं पाजली."

हशा होई. मीही हसत असे. पुढे एका गिऱ्हाइकाने पुडी परत ठेवली आणि विचारले, "हिच्या तोंडाचं काय ह्यात उतरत न्हाय नव्हं?" त्याच दिवशी मी पडदा लावला.

थट्टा तिने पचवली होती. मुलाला मुलगी झाली तेव्हा मात्र ती खचली. सुनेने नात तिच्या मांडीवर देण्यास नकार दिला. "आत्या, तोंड बरं हू द्या, मग घ्या." बारशाला ती स्वतःच्या घरी उंबऱ्याबाहेर बसली.

दुसऱ्या दिवशी ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विकाराचे नाव सांगितले, रोझेशिया. तो कोणाला लागत नाही, मुळासकट जातही नाही. काही खाण्याने भडकतो, आणि प्रत्येकाचे ते खाणे वेगळे असते. कोणाला गरम चहा सोसत नाही, कोणाला तिखट. तेव्हा तिखट टाळावे, रोज काय खाल्ले आणि चेहरा कसा राहिला हे लिहून आणावे. तिला लिहिता येत नव्हते. तिने वही माझ्यापुढे ठेवली.

ती सांगे, मी लिहीत असे. "सकाळी च्या. दुपारी भाकरी, दही, बिनतिखटाचं पिठलं." घरचे तिखट तिने त्याच दिवशी सोडले होते. दुकानातले चाखणे ती सांगत नसे. आमच्या धंद्यात चाखणे म्हणजे खाणे नव्हे. सोमवारच्या उपवासालाही ती चाखे, आणि उपवास मोडला असे कोणी मानीत नसे. "ते दुकानाच्या पोटात जातंय," ती म्हणे. दिवसाला बारा-पंधरा चिमटी. ती काही लपवीत नव्हती. तिच्या दृष्टीने ते अन्नच नव्हते.

मला मात्र दिसत होते. सुटीच्या दिवसासमोर 'बरा' आणि इतर दिवसांसमोर 'लाल', हे मी स्वतःच्या अक्षरात लिहीत होतो. तसली जीभ सोलापुरात दुसरी नव्हती. मी वही मिटून तिच्या हाती दिली.

वही पाहून डॉक्टरांनी चहा बंद केला. पुढच्या खेपेला वांगे. नंतर दही. ती एकेक सोडत गेली. "आता निस्ती भाकरी आन् पानी राह्यलंय, मालक," असे म्हणून हसली. पडद्यामागे चिमटी चालूच होती. विकार लागत नाही हे सुनेला पटले नव्हते; नात रांगू लागली, ती तिने दुरून पाहिली. मग मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि तो बायको-मुलीला घेऊन गेला.

त्यानंतर माझे थोरले बंधू वारले. दुकान तेरा दिवस बंद राहिले. चौदाव्या दिवशी ती आली तेव्हा तिचे गाल निवळले होते. ती उखळापाशी गेली नाही. सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"मालक, चटनीची चिमूट तुमी लिवली न्हाय."

"तू सांगितली नाहीस."

"मी अडानी बाई. चाखनं म्हंजे बी खानंच, हे मला कुटं ठावं? तुमाला ठावं हुतं का न्हाय, तेवडं सांगा."

मी म्हटले, "उखळ भरलंय. चाखून घे."

तिने माझ्याकडे पाहिले, आणि ती पायऱ्या उतरून गेली. राहिलेला पगार न्यायलाही ती आली नाही. आता चटणी मी चाखतो. गिऱ्हाइके तक्रार करीत नाहीत, येईनाशी होतात.

वर्षभराने नवी पेठेतच ती समोर आली. गाल पूर्ण निवळलेले. काही बोलणे भाग होते म्हणून मी म्हटले, "चेहरा बरा झाला. आता नातीला घेत असशील."

"गेल्ते की पुन्याला. सुनेनं आपनहून मांडीवर ठिवली." ती थांबली. "वळखत न्हाय मला, मालक. लई रडली. घ्या म्हनलं परत, दिली तिच्या आईकडं."

एवढे बोलून ती गर्दीत शिरली. मी मागे वळून शोधले. तिचा चेहरा आता चारचौघींसारखा होता; तो मला पुन्हा सापडला नाही.