पोटाशी बांधलेलं पाणी

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचं पोट वाजलं. पोटं वाजतात, त्यात नवल नाही. माझं स्वतःचं पोट भर सभेत अध्यक्षांच्या आधी बोललेलं आहे. पण मास्तरांचं पोट चक्क खणखणलं, भांड्यांची फळी कोसळावी तसं. मी पँट शिवायला टाकायला गेलो होतो. टेप घेऊन ते वाकले, खळ्ळ आवाज झाला, मी दचकून त्यांच्यावर आदळलो, आणि ते ओरडले, "अहो, हळू! आत सहा घरं आहेत!"

एका शिंप्याच्या पोटात सहा घरं! मी पळायला दार शोधू लागलो. तेवढ्यात त्यांनी सदरा वर केला. आत जाड कापडाचा पट्टा होता, त्याला काजबटणांचे बारा खिसे, आणि सहा खिशांत सहा चिमुकल्या बाटल्या.

"पाणी तपासतोय," ते म्हणाले. "कंबर चाळीस."

झालं होतं असं, की मास्तर पाणी तपासायच्या एका शिबिराला गेले आणि स्वयंसेवक होऊन परतले. रीत सोपी होती. बाटलीच्या तळाशी औषधाची पूड असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं पडलं तर दूषित. आता थंडीत ऊब आणायची कुठून? मास्तरांनी स्वतःचं पोट सेवेला दिलं. त्या पोटावर ऊब भरपूर होती आणि जागाही. गल्लीनं त्यांचं नाव 'खुडूक मास्तर' ठेवलं. ते अंड्यावरच्या कोंबडीसारखे बसून राहत, आणि कोणी जवळ आलं की तशीच मान फुगवत.

दोन वर्षांत त्यांनी गल्लीतलं एकूण एक घर उबवलं. तपासून झालेल्या बाटल्या दुकानात एका मोठ्या, गोल, काळ्या झाकणावर ओळीनं मांडलेल्या असत. शिवायचे कपडे त्यांच्यामागे ढिगानं पडलेले. त्यात माझी पँट.

फक्त एक पाणी त्यांच्या हाती लागत नव्हतं, समोरच्या अंगणातल्या विहिरीचं. विहीर मास्तरांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची. चाळीस वर्षं निम्मी गल्ली तिथून पाणी भरत होती, आणि अक्का राहाटाशेजारी बसून कोणाचा हंडा घासलेला नाही ते सांगत होत्या. मग एकदा गल्लीची पोटं बिघडली. मास्तर बाटली घेऊन अंगणात गेले, मी पँटची चौकशी करत मागोमाग.

"अक्का, एक बाटलीभर दे."

"माझ्या सासऱ्यांनी खणलेली विहीर आहे ही. अमृत आहे अमृत! तुझ्या घामानं काळ्या होतात त्या बाटल्या, ठोंब्या."

"झाकण घट्ट असतं गं!"

"मग तुझ्या नजरेनं होत असतील."

मास्तर हलेनात. शेवटी अक्का उठल्या. "आण तो पट्टा. एका खिशात माझी विहीर, दुसऱ्यात तुझ्या घरचा नळ. मी उबवते. माझं पाणी स्वच्छ निघालं तर पट्टा चुलीत. काळं निघालं तर मी स्वतः विहिरीला कुलूप लावते."

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे पट्टा चार इंच आत घेतला. विहिरीच्या बाटलीला लाल दोरा, नळाच्या बाटलीला पांढरा.

ते दोन दिवस गल्ली विसरणार नाही. सत्तरीच्या अक्का दिवस गेल्यासारख्या जपून चालत होत्या. खाली वाकायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. शिंक आली तर आधी पोट धरायच्या. कोणी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणायच्या, "पांढरा दोरा जड लागतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे विहिरीपाशी जमले. अक्कांनी पहिलं बटण काढलं. लाल दोऱ्याची बाटली काळीकुट्ट होती. अक्का मटकन पायरीवर बसल्या. मास्तर जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसाचा इतका पडलेला चेहरा मी पाहिलेला नाही. ते अक्कांशेजारी बसून म्हणाले, "विहिरीत औषध टाकलं की सुधारेल गं."

अक्कांनी दुसरं बटण काढलं. पांढऱ्या दोऱ्याची बाटली त्याहून काळी होती.

"अहो," मास्तरांची बायको गर्दीतून म्हणाली, "सगळ्या गल्लीचं तपासलंत, घरचं एकदा तरी?"

"घरचं काय तपासायचं? टाकी गच्चीवर, बंद!"

"बंद कशानं? झाकण तर दोन वर्षांपूर्वी तुम्हीच काढून नेलंत, बाटल्या मांडायला!"

सगळ्यांच्या माना आधी दुकानाकडे वळल्या, मग वर गच्चीकडे. टाकीच्या काठावर पाच कबुतरं बसली होती. त्यांतलं एक आत उतरलं.

"अमृत!" अक्का म्हणाल्या.

कुलूप मात्र त्यांनी बोलल्याप्रमाणे लावलं. तीन आठवड्यांनी, औषध पडून दोन बाटल्या स्वच्छ निघाल्यावर काढलं. त्या बाटल्याही त्यांनीच उबवल्या. पट्टा त्यांनी परत दिलाच नाही. आता गल्लीचं पाणी अक्का तपासतात, मास्तरांच्या टाकीचं दर आठवड्याला.

मास्तर पुन्हा मशीनवर बसले. माझी पँट गेल्या मंगळवारी मिळाली. माप दोन वर्षांपूर्वीचं असल्यामुळे ती चढत नाही.