राजाने मागवलेला चहा

आमच्या पुसदच्या ख्रिस्ती मंडळीत नाताळच्या नाटकातला, गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या जिवावर उठलेला दुष्ट राजा दरवर्षी माझे सासरेच व्हायचे. एरवी माणूस इतका मवाळ, की घरात शिरलेल्या बकरीलाही "जा बाई आता" म्हणून विनवायचे. पण पुठ्ठ्याचा मुकुट चढला की असे डोळे वटारायचे, की पुढे बसलेली पोरं थेट आईच्या पदराआड. मला तर हसू आवरायचं नाही.

पासष्ट सालची गोष्ट. लढाई थांबली होती, पण डोकी तापलेलीच होती. शत्रूचा हेर सापडला तर त्याचे कसे हाल करावेत, यावर उपासना सुटल्या सुटल्या चर्चच्या दारातच चर्चा रंगायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण नव्या सुनेचं ऐकतो कोण? त्याच जोशात तरुण मंडळींनी नाटकात एक प्रवेश घुसडला. राजा मेंढपाळाला पकडतो आणि जन्मलेलं बाळ कुठे आहे ते सांगेपर्यंत त्याची बोटं पिरगाळतो.

तालमीत सासरे हा प्रवेश काहीतरी निमित्त काढून टाळत राहिले. महायुद्धात ते ब्रह्मदेशात जपान्यांचे कैदी होते. डाव्या हाताची त्यांची बोटं तेव्हापासून सरळ होत नसत. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता.

नाटकाच्या दिवशी मांडव खच्चून भरला. शिपायांनी मेंढपाळाला ओढत आणलं. "मारा! मारा!" लोक ओरडायला लागले. सासऱ्यांनी त्याचा हात धरला आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी मुकुट काढून काखेत मारला.

"मले नाही जमत हे," ते म्हणाले. "माहे बोटं पिरगाळले तवा मी तोंडाले येईन ते बकलो. सारं खोटं! अन् हे गोठ्यातलं लेकरू मोठं झाल्यावर त्यालेबी शिपायांनीच मारलं ना? मंग मी कोनाकडून उभा राहू?"

त्यांनी पडद्यामागे हाक दिली, "सूनबाई, याले चहा आन!"

मागे सगळ्यांसाठी पातेलंभर चहा उकळतच होता. मी कपबशी घेऊन धावले. मेंढपाळ झालेला आमचा शिंपी मार खायची तयारी करून आलेला. तो पुढचं सगळं विसरला. निवांत बशीत ओतून चहा प्यायला आणि म्हणाला, "बाळ तिकडं गोठ्यात आहे जी. चाला, दाखवतो!"

लोक हसून हसून लोटपोट. राजा शिपायांसकट खरोखरच निघाला आणि गोठ्यातल्या बाळाच्या पायाशी मुकुट ठेवून आला. "शास्त्रात असं कुठं आहे?" म्हणत चर्चच्या पाळकांनी कपाळावर हात मारला, पण हसू त्यांनाही लपवता येईना.

नाटक सुटल्यावर पोरांनी सासऱ्यांना घेरलं. ती वाकडी बोटं हातात धरून धरून पाहिली, दुखतात का म्हणून विचारलं. सासूबाई शेजारीच करंज्या वाटत उभ्या होत्या. त्यांनी कोणालाच दटावलं नाही.