टेबल पुसून उठा

आमच्या ह्यांना घराला कुलूप लावून सरळ जिना उतरताना मी कधी पाहिलेलं नाही. कुलूप लावायचं, ओढून बघायचं. मग उघडायचं, कारण ते उघडतंय ना हेही बघायला हवं. मग पुन्हा लावायचं आणि पुन्हा ओढायचं. तोवर मी खाली फाटकाशी उभी राहून शेजारणीकडून गल्लीच्या सगळ्या बातम्या गोळा करून घेते. "अहो, झिजेल ते कुलूप," म्हटलं की म्हणतात, "झिजू दे. लागत नव्हतं हे चोर आल्यावर कळायला नको."

असल्या स्वभावाला पगार देणारं ऑफिस असतं, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आहे. तिथे कॉम्प्युटरची एक भाषा तयार करतात, प्रोग्राम लिहिणारे ज्या भाषेत लिहितात ती. ती बांधणारे वेगळे, आणि बांधलेलं कुठे मोडतंय का हे बघणारे वेगळे. आमचे हे दुसऱ्यांतले. ऑफिसात ह्यांना 'चिमटा' म्हणतात, कारण चिमटा काढून पाहिल्याशिवाय हे काहीच पुढे जाऊ देत नाहीत. चहाच्या वेळी तोंडावरही चिडवतात, आणि ह्यांना ते मनातून आवडतं.

मी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करते, त्यामुळे ह्यांचं काम मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलंय. फंक्शन म्हणजे एकदा लिहून, नाव देऊन ठेवलेलं काम. माझ्याकडे शर्टाचा कागदी नमुना असतो, तसं. ह्यांच्या भाषेत त्या फंक्शनला चिठ्ठी लावता येते, कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, काय वाटेल ते. त्या चिठ्ठीला हे लोक ॲट्रिब्यूट म्हणतात. तेच फंक्शन एखाद्या वस्तूच्या वाट्याला आलं की त्याला मेथड म्हणायचं. मेथडमधून चिठ्ठी वाचता आली पाहिजे, पण लावायला गेलं तर भाषेनं ठणकावून नाही म्हटलं पाहिजे. कारण नमुना एकच, एका गिऱ्हाइकाच्या शर्टासाठी म्हणून त्याला काही डकवलं तर ते सगळ्यांच्याच शर्टांना लागू व्हायचं. तर भाषा वाचायला देते का, आणि वेळेवर नाही म्हणते का, हे तपासण्यात ह्यांची उमेदीची वर्षं गेली. मी म्हणायची, "नाही कसं म्हणायचं ते मला विचारा, फुकट शिकवते."

ह्यांचा एक नियम होता. तिथे शेकडो छोट्या छोट्या चाचण्या एकामागून एक चालतात, आणि बऱ्याच जणी तीच ती नमुन्याची फंक्शनं वापरतात. एका चाचणीनं लावलेली चिठ्ठी तशीच राहिली तर पुढची चाचणी फसते. म्हणून ह्यांनी भिंतीवर कागद लावला होता, 'आपलं टेबल पुसून उठा.' नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या कागदासमोर उभं करून ते समजावून सांगायचे. घरी जेवणं झाल्यावर मलाही तेच ऐकवायचे, तेव्हा मात्र मी फडकं त्यांच्याच हातात द्यायची.

गेल्या वर्षी ह्यांची भाची त्याच ऑफिसात लागली, बांधणाऱ्यांत. स्वतःच्या हुशारीवर लागली, ह्यांनी शब्दही टाकला नव्हता. नणंदेनं मात्र मला फोन करून बजावलं, "वहिनी, पोरगी तुमच्या भरवशावर पाठवतेय." पोरीनं भाड्यानं खोली घेतली आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागली. लहानपणापासून मामाच्या पाठीला चिकटलेली. तिला पहिलं गणित ह्यांनीच शिकवलं.

पहिल्याच दिवशी ह्यांनी तिला सांगितलं, "ऑफिसात मामा नाही. सर म्हणायचं." जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, आमच्याकडे नेमकं उलटं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे तिचं काम दुप्पट चिमटे काढून तपासायचे. तीही हसून सहन करायची.

तिला कायम करायचं की नाही हे ठरायच्या सुमारास तिनं मेथडच्या भागात एक मोठा बदल केला. सोबत त्याची स्वतःची चाचणीही लिहिली. तिचं काम भाषेत आत घेऊन पाहिलं आणि ह्यांची एक जुनी चाचणी धाडकन पडली, मेथडमधून चिठ्ठी वाचता येते का, हे बघणारी. तिचं काम काढलं की चाचणी पास, घातलं की नापास. आणखी काय पुरावा हवा?

सगळ्यांच्या बैठकीत ऑफिसच्या मुख्य बाईंनी विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "घाईचं काम आहे. ह्या मुलीला अजून टेबल पुसता येत नाही."

ती उभी राहिली. म्हणाली, "सर, ती जुनी चाचणी एकदा एकटीच चालवून बघाल का?"

"ती चाचणी तू शाळेत होतीस तेव्हापासून चालतेय," हे म्हणाले. लोक हसले. ती बसली.

संध्याकाळी घरी येऊन हे सगळं मला सांगितलं ते फुशारकीनं, आपण नातं कसं मध्ये येऊ दिलं नाही म्हणून. मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. पण ह्यांच्या कामात मला काय कळतं, म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी हे परत आले आणि आत येऊन नुसते बसले. दार लावलंय की नाही हेही बघितलं नाही. मी मशीन थांबवलं.

"एकटी चालवली," हे म्हणाले. "पडली. तिचं काम आत नव्हतं, तरी पडली."

मग हळूहळू बाहेर आलं. त्या पडलेल्या चाचणीच्या आधी जी चाचणी चालायची, तीही ह्यांचीच. ती फंक्शनला चिठ्ठी लावायची आणि काढायला विसरायची. पुढची चाचणी स्वतः चिठ्ठी लावतच नव्हती, आधीचीच उरलेली चिठ्ठी वाचून पास व्हायची. इतकी वर्षं उष्ट्यावर जगत होती ती. भाचीची नवी चाचणी ह्या दोघींच्या मध्ये येऊन बसली. तिनं काय केलं? भिंतीवरचा कागद वाचून शहाण्यासारखं टेबल पुसलं, म्हणजे उठताना त्या फंक्शनवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. स्वतःचं पुसलं, त्यात ह्यांचंही पुसलं गेलं.

"मग जाऊन सांगा तसं," मी म्हटलं.

"सांगतो," म्हणाले. पण मान वर केली नाही.

सांगितलं नाही. काय केलं, तर दोन्ही चाचण्या गुपचूप दुरुस्त केल्या, त्यावर 'किरकोळ साफसफाई' असा शेरा मारला, आणि मुख्य बाईंना कळवलं की मुलीचं काम आता आत घ्यायला हरकत नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं ह्यांना वाटलं. बाईंना वाटलं, पोरीनं आपली चूक सुधारली. त्यांनी तिला सगळ्यांसमोर समज दिली आणि कायम करायचं पुढे ढकललं. आणखी काही महिने बघू म्हणाल्या. हे शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारीच बसलेला.

ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. रविवारी ती नेहमीसारखी आली, माझ्याबरोबर ताटं घेतली, पाणी ठेवलं. मग ह्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "सर, जेवायला चला."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आमच्या स्वतःच्या घरात, मामाला सर! आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांच्या ऑफिसात कुणी काय बदललं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं, ती दुरुस्ती तिनं वाचली होती. जेवताना ती माझ्याशी बोलली, तिच्या आईबद्दल, खोलीच्या गळक्या नळाबद्दल. जाताना नेहमीसारखी वाकली, माझ्या पाया पडली. ह्यांना नुसतं "येते, सर."

ती गेल्यावर मी ह्यांच्याकडून सगळं काढून घेतलं आणि ह्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! तो कागद घरी आणा आणि देवघरात लावा, तिथे तरी कुणी खोटं बोलणार नाही."

"माझी इतक्या वर्षांची अब्रू आहे तिथे."

"आणि तिची? ती रद्दीत आली होती का?"

हे रडले, हे मी सांगायला नको, पण सांगते. मला नवऱ्याची लाज वाटत होती, आणि तो रडतोय म्हणून त्याची कीवही येत होती, आणि ह्या दोन गोष्टी एकाच वेळी वाटणं फार वाईट.

पुढच्या बैठकीत हे उभे राहिले. हे मला भाचीनं फोनवर सांगितलं, ह्यांनी नव्हे. भिंतीवरचा कागद काढून हातात घेतला होता म्हणे. म्हणाले, "हा कागद मी लावला, आणि टेबल मीच पुसलं नव्हतं. माझी चाचणी आजवर काहीच तपासत नव्हती. हिनं ते उघड केलं, मी हिलाच खोटं पाडलं. कळल्यावरही गप्प राहिलो. हा जो दुसरा भाग आहे, तो पहिल्याहून वाईट." मुख्य बाईंनी त्याच दिवशी तिला कायम केलं. ह्यांना कुणी काही बोललं नाही. चहाच्या वेळी कुणी चिमटा म्हणूनही चिडवलं नाही. ह्यांना तेच जास्त लागलं.

संध्याकाळी हे आले, कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "तिचा फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सर खरं बोलले."

ह्यांनी किल्ली उचलून खिळ्याला अडकवली. मग विचारलं, "रविवारी येणार आहे?"

"मी कशाला विचारू? तुमची भाची आहे. तुम्ही विचारा."

ह्यांनी फोन घेतला, तिचं नाव काढलं आणि फोन परत ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. कुलपाशी करतात तेच सगळं. शेवटी लावला एकदाचा. मी मशीनवर बसून दोरा ओवायचं नाटक करत होते.

"हॅलो," हे म्हणाले. "अगं, मी मामा बोलतोय."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, "कोण, सर?" असंच काही असावं. हे अगदी हळू म्हणाले, "हो. सरच."